शाब्लीचा बांध

बांधावरून होणारी भांडणे आपल्याला नवीन नाहीत. पण बांध कुठे घालायचा हे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राला विचारून ठरवावे, असे भांडण विरळाच. पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे 180 किलोमीटरवर, सरँ नावाच्या लहानशा नदीकाठी शाब्ली नावाचे गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आतली. 1970च्या दशकात या गावचे बागायतदार उघडउघड दोन तट करून बसले होते. एका तटाचे म्होरके विल्यम फेव्र, दुसऱ्याचे ज्याँ द्युरूप. दोघांच्याही बागा मोठ्या, दोघांचीही वाइन नावाजलेली. वाद होता तो डोंगराच्या दगडाचा. कोणत्या थरावर वाढलेल्या वेलीच्या वाइनला ‘शाब्ली’ म्हणायचे आणि कोणत्या थरापाशी हात जोडून थांबायचे, एवढाच प्रश्न.

एवढाच म्हटले खरे, पण त्यात पैसा होता. फ्रान्समध्ये 1935 सालच्या कायद्याने वाइनचे नाव जमिनीला बांधून टाकले. शाब्लीला हा नावाचा हक्क 1938मध्ये मिळाला. हद्दीच्या आत शाब्ली, एक पाऊल बाहेर पडलात तर साधी पांढरी वाइन, आणि दोन्हींच्या भावात मोठी तफावत. फेव्र यांच्या तटाचे म्हणणे, खरी शाब्ली उताराच्या मधल्या, किमरिजियन नावाच्या चुनखडी-मातीवरच होते; वरच्या पठारावरचा पोर्टलँडियन दगड वेगळा, त्याला हे नाव देणे म्हणजे नाव बाटवणे. द्युरूप यांच्या तटाचा सवाल असा, की उतार चांगला आहे, ऊन चांगले आहे, पूर्वी तिथे द्राक्षे होती, मग दगडाचा एवढा बाऊ कशाला? वाद रंगला, आणि व्यवहारात द्युरूप यांची बाजू वरचढ ठरली. हद्दी सैलावल्या. 1950च्या दशकात शाब्लीची लागवड पाचशे हेक्टरांच्या आसपास उरली होती. आज ती साडेपाच हजारांच्या पुढे आहे.

या आकड्यांना दुसरी बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकात शाब्ली ज्या यॉन जिल्ह्यात येते तिथे सुमारे चाळीस हजार हेक्टर द्राक्षबागा होत्या. यॉन नदीतून पिंपे थेट पॅरिसला जात. मग रेल्वे आली आणि दक्षिणेकडची उन्हात पिकलेली स्वस्त वाइन राजधानीत ओतली जाऊ लागली. त्यातून सावरावे तोच 1880च्या दशकाच्या अखेरीस फायलोक्सेरा ही मुळे कुरतडणारी कीड पोचली. पुढे पहिले महायुद्ध झाले आणि बागेत राबणारी तरुण पिढी कमी झाली. म्हणजे या वादात ‘नवीन’ म्हणून ज्या जमिनीला नाके मुरडली गेली, तिच्यातली बरीचशी आजोबांच्या काळची बागच होती.

आता त्या दगडाकडे वळू. उत्तर फ्रान्सची जमीन म्हणजे एकात एक ठेवलेल्या परातींची चळत. सर्वांत वरची लहान परात पॅरिसखाली; तिच्याखाली क्रमाने मोठ्या आणि जुन्या. या खालच्या परातींच्या कडा जिथे उघड्या पडतात तिथे जुने थर डोळ्यांना दिसतात. शाब्ली अशाच एका कडेवर वसले आहे. करडी चिकण चुनखडी आणि तिच्यामधून जाणारे टणक चुन्याचे पट्टे असा हा थर. पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता आणि त्याच्या तळाशी एक बारीक कालव ढिगांनी राहत असे. एक्झोजायरा विर्ग्युला हे त्याचे शास्त्रीय नाव. आकार नखाएवढा, स्वल्पविरामासारखा वाकडा. काही ठिकाणी ढेकूळ फोडले की आत सगळी तीच. आपला सह्याद्रीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आणि लाव्ह्यातून गोठलेला. नाशिकच्या बागेत कितीही खणले तरी असला शिंपला सापडायचा नाही.

गंमत अशी की फ्रेंचांच्या या अभिमानाच्या थरांची नावे इंग्रजी आहेत. किमरिज हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, डॉर्सेटमधले खेडे. पोर्टलँड त्याच किनाऱ्यावरचे बेट. परातीची कडा समुद्राखालून पलीकडे जाते, तिला कुणाचा पासपोर्ट लागत नाही.

सरँच्या खोऱ्यात उभे राहिले की कायद्याचा नकाशा डोंगरावरच वाचता येतो. माथ्यावरच्या टणक दगडाच्या पठारावर बहुतांश ‘पती शाब्ली’, म्हणजे धाकटी. उताराच्या मधोमध ‘शाब्ली’. त्याहून नीट ऊन लागणाऱ्या, उताराच्या निवडक तुकड्यांना ‘प्रमिए क्रू’. आणि गावासमोर, नदीच्या उजव्या तीरावर नैऋत्येकडे तोंड करून पसरलेल्या एकाच डोंगरावर सुमारे शंभर हेक्टरांत सात ‘ग्राँ क्रू’: ले क्लो, वोदेझिर, वाल्मूर, ब्लांशो, बुग्रो, प्रझ आणि ग्रनुई. धाकटीला हेक्टरी साठ हेक्टोलिटर वाइन काढायची मुभा, ग्राँ क्रूला चोपन्न. द्राक्ष मात्र सगळीकडे एकच, शार्दने. 1999 साली डीएनए तपासणीतून कळले की हे नामवंत द्राक्ष पिनो आणि ग्वे ब्लाँ यांच्या संकरातून जन्मले. ग्वे ब्लाँ म्हणजे जुन्या काळात हलक्या दर्जाचे म्हणून हिणवलेले कुणब्यांचे द्राक्ष. खानदानी घराण्यांच्या वंशावळीत असे काही ना काही निघतेच.

तर समुद्राचा तळ, कालवांचे शिंपले आणि वरून वाइनला येणारी ओलसर दगडाची, किंचित खारी चव. शिवाय शाब्ली कच्च्या कालवांबरोबर पिण्याची फ्रेंच रीत. एवढी जुळवाजुळव झाल्यावर गोष्ट आपोआप तयार होते: वेलीची मुळे शिंपल्यांत शिरतात, शिंपल्यांचा अर्क वर चढतो आणि प्याल्यात उतरतो. बाटल्या विकायला याहून चांगली गोष्ट सापडणार नाही, आणि ती दुकानापासून पुस्तकापर्यंत सगळीकडे सांगितली जाते.

ती खरी नाही. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठाचे भूगर्भशास्त्रज्ञ ॲलेक्स मॉल्टमन यांनी ती गेली काही वर्षे शांतपणे उसवली आहे. दगडातली खनिजे म्हणजे घट्ट स्फटिक. वेल ती गिळू शकत नाही. मुळांना पाण्यात विरघळलेले पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे सुटे घटक लागतात, त्यांतले बरेचसे वरच्या सेंद्रिय मातीतून येतात आणि वाइनमध्ये ते इतके थोडे उरतात की जिभेला पत्ता लागू नये. चुनखडीला तर वासच नाही. पावसानंतर दगडाला येतो तो वास दगडावर साचलेल्या सेंद्रिय पदार्थांचा असतो.

मग दगडाचे काम काय? काम आहे, आणि मोठे आहे, फक्त ते चव पुरवण्याचे नाही. बोर्दोचे संशोधक जेरार सेगँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या बागांच्या मातीचा अभ्यास करून दाखवले, की चांगल्या जमिनींची रासायनिक घडण एकसारखी नसते. एकसारखे असते ते पाणी देण्याचे त्यांचे वळण. शाब्लीच्या थरात चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि चुन्याचे भेगाळ पट्टे जादा पाणी सोडून देतात. पावसाळी वर्षात मुळे बुडत नाहीत, कोरड्या वर्षात वेल तहानेने कोलमडत नाही. उतारामुळे जड थंड हवा खाली वाहून जाते आणि ऊन तिरपे न पडता सरळ अंगावर येते. परिणामी घड हळूहळू, शिस्तीत पिकतो. आम्ल लवकर जळत नाही आणि साखर बेताने चढते.

चुना जास्त असला की वेलीला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात, हे आपल्याकडच्या चुनखड जमिनीत बाग लावलेल्या कुणालाही ठाऊक आहे. फायलोक्सेरानंतर फ्रेंचांना किडीला पुरून उरणारी अमेरिकन मुळे खाली आणि फ्रेंच द्राक्ष वर असे कलम बांधावे लागले. पण पहिली अमेरिकन मुळे चुनखडीत पिवळी पडून मेली. 1887 साली प्येर व्हियाला हे प्राध्यापक सरकारी मोहिमेवर अमेरिकेत गेले आणि टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवरची बर्लांडिएरी ही रानवेल उपाय म्हणून घेऊन आले. शाब्ली आणि शॅम्पेनमध्ये रुळलेल्या 41 बी या खुंटात तिचेच रक्त आहे. नाशिक-सांगलीचे बागायतदार ज्या डॉगरिज खुंटावर कलमे बांधतात तोही टेक्सासचाच. म्हणजे शाब्लीच्या पवित्र मातीत उतरलेले मूळ फ्रेंच नाहीच. ज्या मुळाने दगडाचा अर्क शोषून घ्यावा अशी अपेक्षा, तेच परदेशी.

परातीच्या कडेचाही एक पुरावा आहे. याच किमरिजियन थरावर नैऋत्येला ल्वार नदीकाठच्या सान्सेरचा काही भाग येतो आणि ईशान्येला शॅम्पेनचा दक्षिणेकडचा ओब जिल्हा. थर तोच, शिंपले तेच. सान्सेरमध्ये सोव्हिन्यों ब्लाँची हिरवट, गवताळ वासाची वाइन होते. ओबमध्ये मुख्यतः पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची फेसाळ शॅम्पेन. दगडच चव ठरवत असता तर तिघींच्या चेहऱ्यात बहिणींएवढे तरी साम्य दिसले असते. मला विचाराल तर फेव्र यांचा आग्रह सौंदर्यदृष्टीने बरोबर होता आणि शास्त्रदृष्टीने अर्धाच.

उरलेला अर्धा भाग थंडीचा. शाब्ली बर्गंडीत मोडते खरे, पण बर्गंडीच्या प्रसिद्ध बागांपासून ती शंभरावर किलोमीटर उत्तरेला आहे. शॅम्पेन तिला जवळचे. मार्चअखेर डोळे फुटतात आणि कोवळा कोंब उणे दोन अंशांच्या आसपास करपतो. मेच्या मध्यापर्यंत हा धोका टळत नाही. 1957च्या गारठ्याने पीक जवळपास नामशेष केले होते. त्यानंतर लोक हातात काही तरी घेऊन रात्री बागेत उभे राहू लागले: आधी तेलाच्या शेगड्या, मग मेणाचे मोठे डबे, हेक्टरी तीनचारशे. रात्री डोंगरभर दिव्यांच्या ओळी पेटतात. छायाचित्रकारांना ते फार आवडते. ज्याने रात्रभर जागून ते पेटवले त्याला सकाळी धूर आणि बिल उरते.

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो: कोंब गोठू नये म्हणून त्यावर पाणी मारायचे. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ऐंशी कॅलरी उष्णता बाहेर टाकते. फवारा अखंड चालू ठेवला तर कोंबावर बर्फाचे कवच चढते, वरून गोठत राहणारे पाणी उष्णता देत राहते आणि आतला कोंब शून्याच्या आसपास सुखरूप राहतो. अट एकच, मध्ये खंड पडता कामा नये. पंप बंद पडला तर तोच बर्फ कोंबाचा काळ होतो. यासाठी बेन गावाजवळ खास तळे बांधलेले आहे.

निफाड, दिंडोरीच्या वाचकांना हे काही नवलाचे वाटणार नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर आला की दर हिवाळ्यात बातमी येते आणि पहाटे बागांत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू केले जाते. फरक वेळेचा आहे. त्यांचा गारठा फुटव्यावर येतो, आपला भरत आलेल्या घडावर. त्यांना कोंब जळण्याची धास्ती, आपल्याला मणी तडकण्याची. आणि मुळातला फरक ऋतूचा. शाब्लीची वेल हिवाळाभर झोपते. आपली वेल झोपत नाही, म्हणून तिला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोनदा कात्रीने भानावर आणावे लागते. पुढे उन्हाची चाहूल लागता लागता घड पिकतो, आणि उष्णतेत सर्वांत आधी जळते ते मॅलिक आम्ल, कैरीला आंबटपणा देणाऱ्या आम्लांपैकी एक. नाशिकच्या शेनिन किंवा सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ताजेपणा राखायचा तर काढणी लवकर, गारव्यात उरकावी लागते. गरम प्रदेशांतले वाइनवाले गरजेप्रमाणे वरून आम्ल घालतात. शाब्लीत पिढ्यान्‌पिढ्या याच्या नेमके उलटे चालत आले: द्राक्षे कच्ची राहत, म्हणून रसात साखर घालत. नेपोलियनचा मंत्री शाप्ताल याने त्या रीतीचा पुरस्कार केला आणि तिला त्याचेच नाव मिळाले. ‘निसर्गदत्त’ म्हणून मिरवणाऱ्या वाइनचा हा कोपरा माहितीपत्रकात सहसा येत नाही.

काढणी बहुतेक यंत्राने होते. ग्राँ क्रूच्या चढावर अजून माणसे लागतात. पुढे द्राक्षे हलक्या दाबाने चेपायची, रस थंड ठेवून गाळ तळाशी बसू द्यायचा, मग स्टीलच्या टाकीत थंडाव्यात आंबवायचा. इथपर्यंत जगातल्या कुठल्याही चांगल्या पांढऱ्या वाइनची हीच वाट. पुढचे पाऊल मात्र चकवते. ल्वारकाठच्या सान्सेर किंवा म्युस्कादेसारख्या चटकदार वाइनमध्ये मॅलिक आम्ल सहसा तसेच राखतात. शाब्लीत जवळजवळ सगळे ते मोडू देतात: जिवाणू त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्यातले. इथला मूळ आंबटपणा इतका धारदार, की तो अर्धा मवाळ झाला तरी वाइन कडक उरते. याच क्रियेत लोण्यासारखा वास देणारे डायॲसिटिल तयार होते. कॅलिफोर्नियाच्या जुन्या वळणाच्या शार्दनेत ते नाकात भरते. शाब्लीत वाइन काही महिने मेलेल्या यीस्टच्या गाळावर ठेवतात आणि यीस्ट तो वास बराचसा पचवून टाकते. थोडक्यात, ज्या ‘स्वच्छपणा’चे कौतुक होते त्यामागे कुणीतरी भरपूर उठाठेव केलेली असते.

आता पिंपाची गोष्ट. शाब्लीत पूर्वी 132 लिटरची छोटी पिंपे असत, त्यांना फ्यूयेत म्हणत. स्टील आल्यावर बहुतेकांनी ती मोडीत काढली. रावनो आणि दोविसा ही दोन घराणी मात्र जुन्या, चव देऊन संपलेल्या लाकडावर ठाम राहिली. असे लाकूड वास देत नाही, फक्त हवेचा सूक्ष्म वावर देते, आणि आज शाब्लीत सर्वाधिक शोध असतो तो यांच्याच बाटल्यांचा. पण खरा विनोद वेगळाच. दगडाचा शुद्धपणा राखा म्हणणारे विल्यम फेव्र स्वतः नव्या ओक पिंपांचे पुरस्कर्ते होते. नवे पिंप म्हणजे व्हॅनिला आणि भाजल्या लाकडाचा वास, दगड असलाच तर तो झाकणारा. आणि ज्यांच्यावर दगडाशी बेइमानीचा आरोप, त्या द्युरूप यांनी लाकडाला दारातही उभे केले नाही, निव्वळ स्टील. 1998 साली फेव्र यांचा व्यवसाय शॅम्पेनच्या आँरियो घराण्याकडे गेला आणि नव्या मालकांनी आल्याआल्या नवे लाकूड कमी केले.

तरीही प्रश्न शिल्लक राहतो. शाब्ली तोंडाशी नेली की गारगोटी घासल्यासारखा, ओल्या शिंपल्यासारखा काहीतरी वास येतो, तो काही सगळ्यांचा भास नसावा. 2017 साली डिजॉनशी संबंधित संशोधकांच्या एका गटाने नेमक्या शाब्लीच्याच बाटल्या घेऊन हे तपासले. जाणकारांना फक्त वासावरून ‘खनिजपणा’ जोखायला सांगितला. नदीच्या डाव्या तीरावरच्या वाइन त्यांना उजव्या तीरापेक्षा जास्त खनिजी वाटल्या. प्रयोगशाळेत त्या वाइनमध्ये मिथेनथायॉल अधिक निघाले. हे गंधकाचे संयुग, शिंपल्या-मासळीच्या अंगाने जाणाऱ्या वासाचे. उजव्या तीराच्या वाइनमध्ये तांबे अधिक होते आणि तांबे असल्या गंधकी संयुगांना जखडून वासापुरते नाहीसे करते. बोर्डो मिश्रण फवारून हात निळे झालेल्या बागायतदाराच्या मनात लगेच मोरचूद येईल; पण वाइनमधले तांबे फवाऱ्यातूनच आले असे या अभ्यासाने म्हटलेले नाही. एवढे मात्र दिसते, की समुद्राचा म्हणून जो वास आपण हुंगतो तो बहुधा आंबवताना टाकीत जन्मतो. गारगोटीच्या वासामागेही असेच एक गंधकी संयुग असल्याचे बोर्दोच्या संशोधकांनी त्याआधीच दाखवले होते.

याने कुणाची शाब्ली बेचव व्हायचे कारण नाही. उलट मला तरी ही गोष्ट शिंपल्याच्या दंतकथेपेक्षा रंगतदार वाटते. दगडाने पाणी बेताचे दिले, थंडीने आम्ल राखले, टेक्सासच्या मुळाने चुना पचवला, यीस्टने लोणी खाल्ले, आणि लाकडाने, निदान शहाण्यांच्या घरी, तोंड मिटून घेतले. जास्तीचे सगळे वजा होत गेले म्हणून तो गंधकाचा बारीकसा वास ऐकू येतो. अमेरिकेत वर्षानुवर्षे कुठल्याही स्वस्त पांढऱ्या वाइनला ‘शाब्ली’ म्हणून विकले गेले. 2006च्या करारानंतर तसे नवे लेबल लावता येत नाही, जुन्यांना मात्र सूट मिळाली. त्या वाइनमध्ये यांतले काहीच वजा झालेले नसते.

आता यातली थंडीच सुटू लागली आहे. काढणी पूर्वी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर अशी चाले. 2003 आणि 2020मध्ये ती ऑगस्ट संपण्याआधीच सुरू झाली. शाप्तालची साखर आता क्वचित लागते. 2003च्या उन्हाळ्यात तर युरोपीय संघाने एरवी थंड असलेल्या फ्रेंच भागांनाही वाइनमध्ये आम्ल घालायची खास परवानगी दिली. ऊब वाढल्याने डोळेही लवकर फुटतात आणि एप्रिलच्या गारठ्याच्या तोंडी जास्त उघडे पडतात. 2016, 2017 आणि 2021 ही तिन्ही वर्षे त्यात गेली. 2021च्या एप्रिलमध्ये ओळीने काही रात्री मेणाचे डबे जळत होते आणि तरी अनेकांचे निम्म्याहून अधिक पीक हातचे गेले. पुढे उन्हाळाही पावसाळी आणि थंड निघाला, भुरी-केवड्याने उरलेल्यावर हात मारला. जी काही थोडी वाइन झाली ती सडपातळ आणि सणसणीत आंबट, तीस वर्षांपूर्वी व्हायची तशी. जुन्या वळणाच्या शाब्लीचे रसिक आता याच वर्षाच्या बाटल्या शोधत फिरतात, आणि बागायतदाराकडे त्या जेमतेम आहेत.